१६ सेलच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅकमध्ये एकच सेल आधी भरतो, चार्जिंग मधेच तुटतं – मदत हवी आहे

व्होल्टमीटर:
दुचाकीचा एलएफपी पॅक, १६ सेल सिरीजमध्ये, ४० एएच (अँपिअर-तास). चार्जर ५८.४ व्होल्ट, १० अँपिअर. पॅक ५४.२ व्होल्टला पोचला की बीएमएस (प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंग तोडतो. त्या वेळी ७ नंबरचा सेल ३.६५ वर, बाकी सगळे ३.३६ ते ३.३८. बॅलन्सिंग (जास्त भरलेल्या सेलमधून थोडं काढून सगळे सारखे करणं) ३.४५ ला सुरू होतं, ५० मिलिअँपिअर, तेही चार्जिंग चालू असतानाच. पूर्ण उतरवला तर जेमतेम ३६ एएच मिळतात. रात्रभर चार्जरला लावूनही फरक नाही. सेल बदलावा का?

सेलमापक:
इतक्यात नको. बीएमएसच्या आकड्यावर विसंबू नका; चार्जिंग चालू असताना मल्टिमीटर थेट ७ च्या टर्मिनलवर लावा. शेजारचा ६ किंवा ८ तितकाच खाली दिसला असता तर मधली सेन्स वायर (बीएमएस जिच्यावरून सेलचं व्होल्टेज मोजतो ती) सैल असती. तुमच्याकडे तसं दिसत नाही. मग टर्मिनल ते बसबार (सेल एकमेकांना जोडणारी पट्टी) मिलिव्होल्ट मोजा. बाकीचे जोड एक-दोन दाखवतात आणि एकच दहा-वीस, तर तिथला नट ढिला आहे किंवा गंज चढलाय.
खरा निकाल मात्र खालच्या टोकाला लागतो. पॅक उतरवताना आधी कोण पडतो ते बघा. ७ आधी भरून आधीच रिकामा होत असेल तर त्याची क्षमता गेली, बॅलन्सिंगने काही होणार नाही.

व्होल्टमीटर:
टर्मिनलवर ३.६४. जोड सगळे सारखे. उतरवताना १२ नंबर आधी २.८० ला आला, बाकीचे ३.०० च्या आतबाहेर, ७ अजून ३.१६ वर.

ताम्रतार:
मग सेल चांगला आहे. ४० ऐवजी ३६ मिळतात, म्हणजे त्याच्यात बाकीच्यांपेक्षा सुमारे ४ एएच जास्त साठलेत, एवढंच. ५० मिलिअँपिअरने ते काढायला ८० तास लागतील, आणि तुमचा बीएमएस प्रत्येक चार्जला बॅलन्स करतो काही मिनिटंच. चार्जिंग तुटलं की ७ लगेच ३.४५ च्या खाली येतो, काम तिथेच थांबतं. रात्रभर लावून उपयोग का नाही, ते यामुळे.

हातानेच काढा. चार्जिंग तुटेपर्यंत भरा, चार्जर आणि लोड दोन्ही सोडवा. ३.३ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर, वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज घालून, फक्त ७ च्या दोन टर्मिनलवर जोडा. साधारण १ अँपिअर वाहील, म्हणजे तासाला १ एएच. रेझिस्टर चांगलाच तापतो, तो फरशीच्या तुकड्यावर ठेवा, सेलला किंवा वायरीला टेकू देऊ नका. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा: बसबारवर शॉर्ट झालं तर शेकडो अँपिअर वाहतात. जोडून निघून जाऊ नका.

थांबायचं घड्याळ बघून, व्होल्टेज बघून नाही. एलएफपी ३.३ च्या आसपास इतका सपाट असतो की मीटरवर फरक कळतच नाही. पहिल्या खेपेला ३ एएचच काढा, मग २ अँपिअरने परत भरून कोण आधी चढतो ते बघा, आणि उरलेलं अर्ध्या-अर्ध्या तासाने. जास्त काढलंत तर ७ खाली जाईल आणि बाकी पंधरा सेल उतरवायची वेळ येईल.

सगळे एकत्र ३.४५ च्या वर चढायला लागले की चार्जर ५६ व्होल्टवर ठेवून दोन-तीन तास तसाच चालू द्या. उरलेला बारीक फरक बीएमएस काढेल.

व्होल्टमीटर:
समजलं. पुढे अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर (जास्त व्होल्टेजच्या सेलमधून काढून कमी व्होल्टेजच्या सेलमध्ये भरणारा) कायमचा बसवला तर?

सेलमापक:
३.४० च्या वरच सुरू होणारा असेल तरच. कायम चालू राहणारा चालतेवेळीही व्होल्टेजच बघतो, आणि लोडखाली त्यातला फरक बराचसा अंतर्गत रोधाचा असतो, चार्जचा नाही. कमी रोधाचा सेल भरलेला समजून तो त्यातूनच काढत राहतो आणि जुळलेला पॅक पुन्हा बिघडवतो. ३.४० ची सेटिंग नसेल तर त्याच्या वायरीत स्विच घाला आणि चार्जिंगच्या शेवटीच चालू करा.