रशियन फौजा जॉर्जियातून 'निघाल्या', आणि जग निषेध करून मोकळं झालं?

आडवा_प्रश्न (धागाकर्ता)

२२ ऑगस्ट २००८ ला मॉस्कोनं जाहीर केलं की जॉर्जियातली माघार पूर्ण झाली. त्या वेळी पोती बंदराच्या वेशीवर रशियन सैनिक चौकी मांडून बसलेले होते. गोरी शहर सोडलं होतं, पण जॉर्जियातून फुटलेल्या दक्षिण ओसेशियाला लागून, निखळ जॉर्जियन ताब्यातल्या मुलखात एक पट्टा ठेवून घेतला होता. वॉशिंग्टन आणि पॅरिस दोघांनी सांगितलं, ही माघार करारानुसार नाही. बरं, पुढे?

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: ७ ऑगस्टच्या रात्री जॉर्जियाच्या तोफा दक्षिण ओसेशियाची राजधानी त्स्खिनवालीवर सुरू झाल्या, रशियन रणगाडे सीमेवरच्या रोकी बोगद्यातून खाली उतरले, पाच दिवसांत जॉर्जियाचं सैन्य मोडलं. १२ ऑगस्टला फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी (युरोपियन युनियनचं अध्यक्षपद तेव्हा फ्रान्सकडे होतं) मॉस्कोत जाऊन सहा कलमी युद्धबंदी घेऊन आले.

माझं म्हणणं असं की घोळ अंमलबजावणीत नव्हता, कागदातच होता. पाचवं कलम बघा. आधी म्हणतं, रशियन सैन्य लढाईपूर्वीच्या जागी परत जाईल. लगेच पुढे म्हणतं, आंतरराष्ट्रीय व्यवस्था होईपर्यंत रशियन शांतिसैनिक 'जादा सुरक्षा उपाय' करतील. कुठे? किती जण? कधीपर्यंत? एक अक्षर नाही. आधी दिलं ते लगेच काढून घेतलं.

त्यानंतरच्या प्रतिक्रिया म्हणजे नुसता देखावा. नाटोनं रशियाबरोबरच्या संयुक्त परिषदेच्या बैठका थांबवल्या, २००९ मध्ये पुन्हा सुरू केल्या. युरोपियन युनियननं १ सप्टेंबरला ठरवलं की फौजा ७ ऑगस्टपूर्वीच्या जागी जाईपर्यंत भागीदारी कराराची बोलणी नाहीत. नोव्हेंबरमध्ये बोलणी पुन्हा सुरू करायचं ठरलं. फौजा गेल्या होत्या? छे. आणि मार्च २००९ मध्ये अमेरिकेनं जिनिव्हात रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह यांना संबंध नव्यानं सुरू करायचं 'रीसेट'चं बटण भेट दिलं. त्यावरचा रशियन शब्दही चुकला होता, अर्थ निघत होता 'ओव्हरलोड'.

खडूस मास्तर

असहमत. धागाकर्ते निवांत बसून २००८ कडे बघतायत.

त्या आठवड्यात गोरी ते तिबिलिसी हे साठ-सत्तर किलोमीटर आणि वाटेत अडवायला धड कोणी नाही. जॉर्जियाचे सुमारे २,००० जवान इराकमध्ये, त्यांना अमेरिकन विमानांनी घाईघाईत परत आणलं. सुरक्षा परिषदेत रशियाचा व्हेटो, म्हणजे तिथून ठराव निघणं शक्य नव्हतं. जॉर्जियासाठी नाटो लढणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रशियाचे पंतप्रधान पुतिन आणि अध्यक्ष मेदवेदेव यांनाही. मग सार्कोझींच्या हातात होतं काय?

आणि तुम्ही ८ सप्टेंबरचा दुसरा करार सोयीनं गाळलात. त्यात तारखा आहेत. पोती-सेनाकीच्या चौक्या आठवड्यात उठतील. युरोपचे किमान २०० निरीक्षक १ ऑक्टोबरपर्यंत येतील आणि ते आल्यावर दहा दिवसांत पट्टा रिकामा होईल. निरीक्षक १ ऑक्टोबरला आले, रशियन ८ ऑक्टोबरला पट्ट्यातून निघाले. मुदतीच्या आधी! गोरीच्या आसपासच्या गावांतले लोक घरी परतले. हा देखावा?

सर्वनाशे समुत्पन्ने अर्धं त्यजति पण्डितः.

चौकस काकू

मास्तर, सुभाषित छान आहे. पण त्यागलेलं अर्धं कोणाचं होतं? सार्कोझींच्या घरचं तर नव्हतं.

अखालगोरी घ्या, दक्षिण ओसेशियाच्या जुन्या हद्दीतला भाग. युद्धाआधी तिथे तिबिलिसीचा अंमल होता, वस्ती बहुतेक जॉर्जियन. लढाईपूर्वीची जागा असं कागद म्हणतो, तर हा भाग सुटायलाच हवा होता. पण २६ ऑगस्टला मॉस्कोनं दक्षिण ओसेशिया आणि जॉर्जियातून फुटलेला दुसरा प्रदेश अबखाझिया, दोघांना देश म्हणून मान्यता दिली. मग पवित्रा असा की हा जॉर्जियाच नाही, इथलं सैन्य दोन देशांच्या आपसातल्या करारानं आहे, माघारीचा प्रश्न येतोच कुठे? वाडा खाली करायचं कबूल करायचं आणि दोन खोल्यांचा सातबारा आपल्या माणसाच्या नावावर चढवायचा, त्यातला प्रकार.

पेरेवी नावाचं एक खेडं आहे, दक्षिण ओसेशियाच्या हद्दीबाहेरचं. म्हणजे रशियाच्या स्वतःच्या हिशेबानंसुद्धा जॉर्जियाचं. तिथली चौकी डिसेंबर २००८ मध्ये उठली आणि काही तासांत सैनिक परत आले. शेवटी गेले ऑक्टोबर २०१० मध्ये. एका खेड्याला दोन वर्षं लागली, मास्तर, आणि या खेड्याबद्दल वादही नव्हता.

नकाशेवाला

दोघांचंही पटतंय, पण एक तांत्रिक मुद्दा राहतोय. माघार 'झाली' हे म्हणायचं कोणी?

२००० च्या मे महिन्यात इस्रायल दक्षिण लेबनॉनमधून निघालं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या नकाशाकारांनी आधी रेषा आखली, ती ब्लू लाइन. त्यांच्या माणसांनी जागेवर जाऊन पडताळणी केली. मग १६ जूनला कोफी अन्नान यांनी सुरक्षा परिषदेला कळवलं की माघार झाली. शेबा फार्म्स या सीमेवरच्या तुकड्याचा वाद उरला, तो आजही आहे. पण वाद कुठल्या तुकड्याचा, एवढं तरी सगळ्यांना कळलं.

जॉर्जियात असं कोणी नव्हतंच. जाणाराच म्हणतो मी गेलो, आणि ज्याच्या दारात तो बसलाय तो म्हणतो, गेला नाही. उलट पडताळणी करू शकतील अशी माणसं कमी होत गेली. रशियाच्या नकारामुळे ओएससीईच्या (युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना) पथकाची मुदत २००८ अखेर संपली. अबखाझियातले संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक जून २००९ मध्ये व्हेटोनं गेले.

उलटी_बाजू

सगळे रशियावर तुटून पडलेत म्हणून लिहितो. या युद्धाची चौकशी करणाऱ्या टाल्याविनी समितीचा अहवाल युरोपियन युनियननंच करून घेतलेला, सप्टेंबर २००९ चा. त्यात स्पष्ट आहे की युद्ध त्स्खिनवालीवरच्या जॉर्जियन हल्ल्यानं सुरू झालं आणि तो हल्ला आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत नव्हता. जॉर्जियाचे अध्यक्ष साकाश्विलींनी हात दाखवून अवलक्षण केलं. शिवाय त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिमेनं सर्बियातून फुटलेल्या कोसोव्होला मान्यता दिली होती. तेव्हा सर्बियाची सीमा पवित्र नव्हती का?

चौकस काकू

@उलटी_बाजू: अहवाल पुढेही वाचा की. रशियाची कारवाई स्वसंरक्षणाच्या वाजवी मर्यादेपलीकडे गेली, असंही त्यातच आहे. सुरुवात कोणी केली यावरून माघारीचं कलम बदलत नाही.

आणि कोसोव्होचा दाखला रशियाच्या मित्रांनाही पटला नाही. २८ ऑगस्टला दुशान्बेत शांघाय सहकार्य संघटनेची बैठक झाली, मेदवेदेव स्वतः हजर. रशियाच्या 'सक्रिय भूमिके'चं कौतुक झालं, मान्यता मात्र एकानंही दिली नाही. घरात तिबेट आणि शिनजियांग असताना चीन कशाला देईल? लगोलग पुढे आलं ते फक्त निकाराग्वा.

आडवा_प्रश्न

मास्तर, ८ ऑक्टोबरचा मुद्दा मान्य. धाग्यात घ्यायला हवा होता, राहिला. मित्रांच्या गप्प बसण्याबद्दल काकूंनी लिहिलंय ते तर सगळ्या निषेधांपेक्षा मॉस्कोला जास्त झोंबलं असणार.

पण कागदाचं तेवढं मागे घेत नाही. आणखी एक नमुना देतो. सहाव्या कलमात सुरक्षेची चर्चा दोन प्रदेशां'मध्ये' की दोन प्रदेशां'साठी', यावर फ्रेंच आणि रशियन प्रतींत फरक निघाला. 'मध्ये' म्हटलं तर सैन्य आत. 'साठी' म्हटलं तर बाहेर पट्टा ठेवायला वाव. युद्ध थांबवायच्या कागदावर एका शब्दयोगी अव्ययाचं भाषांतर कोणी ताडून बघू नये?

खडूस मास्तर

रात्रीतून केलेला मसुदा होता तो. ताडत बसले असते तर तोवर रणगाडे आणखी पुढे. ते २०० निरीक्षक सार्कोझींनीच आणले आणि ते पथक इतक्या वर्षांनंतरही तिथे गस्त घालतंय.

चौकस काकू

घालतंय, दक्षिण ओसेशियाच्या हद्दीवरच्या तारेच्या अलीकडे. पथकाचं कार्यक्षेत्र कागदोपत्री सगळा जॉर्जिया, पण पलीकडे त्यांना आजतागायत जाऊ दिलेलं नाही. ती तारही माघारीनंतरची आहे, लोकांच्या शेतांतून, बागांतून ओढलेली. हिरव्या पाट्यांवर लिहिलंय 'राज्याची सीमा, प्रवेश निषिद्ध'. शेतकऱ्याला आपली झाडं अलीकडून दिसतात. फळं उतरवायला पलीकडे गेला तर धरून नेतात.