पानात दडलेला डेटा ब्राउझरने वाचावा का?

आळसोबा:
काल कोथिंबीर वडीची कृती उघडली. आधी आजीच्या आठवणी, मग जाहिराती, साहित्य कुठेतरी तळाला. पानाचा सोर्स (आतला कोड) उघडून पाहिला तर साहित्य, वेळ, किती जणांसाठी, सगळं जेसन-एलडीमध्ये, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा साच्यात, नीट मांडलेलं! कुणासाठी? सर्च इंजिनांसाठी. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहूने मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही अशा डेटाची सामायिक शब्दसूची काढली, तेव्हापासून साइटवाले हे इमानेइतबारे भरतायत. ज्याच्या मशीनवर पान उघडलंय त्याचा ब्राउझर मात्र तिकडे ढुंकूनही बघत नाही. अ‍ॅड्रेस बारमध्ये एक बटण द्या ना. कृती असेल तर साहित्याची यादी, कार्यक्रम असेल तर थेट कॅलेंडरमध्ये.

जुना_खिळा:
हे करून झालंय, राव. फायरफॉक्ससाठी ऑपरेटर नावाचं एक्स्टेन्शन होतं. मायक्रोफॉरमॅट (पानाच्या कोडमध्ये पेरलेल्या खुणा) ओळखून पत्ता, कार्यक्रम बाहेर काढून द्यायचं. आम्ही चार टाळकी वापरायचो. पुढे फायरफॉक्सने मायक्रोडेटा, म्हणजे तशाच खुणांची दुसरी पद्धत, वाचायची सोय (एपीआय) १६व्या आवृत्तीत आणली आणि ४९व्यात काढूनही टाकली. साइटवरचं नवं काही आपोआप कळवणाऱ्या आरएसएसचा तर याहून सोपा मामला, तरी डिसेंबर २०१८ मध्ये ६४व्या आवृत्तीतून तोही गेला. जे बटण कुणी दाबत नाही ते सांभाळायचं कुणी?

आळसोबा:
तेव्हा पानांत एवढा डेटाच नव्हता हो! आता दुकान भरलंय, आणि तुम्ही रिकाम्या दुकानाचा हिशोब दाखवताय.

उंबरठा:
भरलंय, पण कशाने? मायक्रोडेटात निदान दिसणाऱ्या मजकुरालाच खुणा असतात. जेसन-एलडी वेगळ्या स्क्रिप्टमध्ये पडून असतं, वाचकाला दिसत नाही, त्यामुळे चुकलं तरी कुणी ओरडत नाही. आमच्या मंडळाचा कार्यक्रम पुढे ढकलला. पानावर तारीख बदलली, आतली जुनीच राहिली. (बदलणारा मीच होतो.) तुमचं बटण असतं तर लोक आठवडाभर आधी येऊन कुलूप बघून गेले असते. आणि ज्यांनी सर्च इंजिनांसाठीच्या लपलेल्या कीवर्ड मेटा टॅगमध्ये वाट्टेल ते कोंबलं, ते इथे पंचतारांकित रेटिंग कोंबणार नाहीत?

सातासमुद्रापार:
न्यू जर्सीहून. पुण्यातल्या ऑनलाइन कार्यक्रमाची वेळ मी दर वेळी बोटांवर मोजते, आणि मार्चमध्ये इथली घड्याळं पुढे गेली की हमखास चुकते. डेटात वेळेपुढे +०५:३० (भारताची वेळ) लिहिलेलं असेल तर ब्राउझर माझी वेळ बिनचूक सांगू शकतो. मला तेवढंच हवंय. रेटिंग दाखवूच नका.

उंबरठा:
आणि +०५:३० लिहायचं राहिलं तर? तर ब्राउझर संध्याकाळी सहाचा कार्यक्रम तुमच्या संध्याकाळी सहाला लावून मोकळा होईल.

आळसोबा:
मग तिथे बटणच दाखवू नये! दिसणाऱ्या मजकुराशी तारीख जुळली, टाइमझोन दिलेला असला, तरच बटण. अर्धवट डेटा असेल तर गप्प बसायचं.

जुना_खिळा:
मराठी पानावरची 'येत्या शनिवारी सायं. ६ वा.' ही तारीख जुळवून दाखवा, मग बोलू.