मदत हवी आहे: नववीच्या वर्गासाठी फुकट किंवा स्वस्त साधनं सुचवा (तातडीने)

विज्ञानवाली

मुलं दंगा करत नाहीत, पण वर्गात जीवही नाही. प्रश्न विचारला की पहिल्या दोन बाकांवरचे तेच तेच हात वर होतात आणि बाकीचे वहीत डोकं खुपसतात. व्हिडिओ दाखवून पाहिले, तेवढ्यापुरते बघतात आणि पुढच्या तासाला पाटी कोरी. साहित्यासाठी पैसे मिळणार नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगण्यात आलंय. सोमवारी नवीन धडा सुरू करायचाय. तुम्ही स्वतः वापरलेली फुकट किंवा अगदी कमी खर्चाची साधनं सांगा. 'मुलांशी मैत्री करा' छापाचे सल्ले कृपया नकोत.

टेकप्रेमी

कहूट. डोळे झाकून घ्या. प्रश्नमंजुषा बनवा, मुलं फोनवर उत्तरं देतात, पडद्यावर गुण दिसतात. माझ्या वर्गात सगळ्यात शांत मुलगीसुद्धा उठून उभी राहिली होती.

गणितवेडा

जिओजेब्रा घ्या. मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये सुरू केलेला प्रकल्प आहे, शाळेतल्या वापरासाठी मोफत, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. स्लायडर सरकवला की आलेख हलतो. मुलांना फळ्यावरच्या आलेखात जे दिसत नाही ते इथे लगेच दिसतं.

चौकस

विज्ञानवाली, वर्गात मुलं किती? फोन आणायला परवानगी आहे का? नेट? प्रोजेक्टर? तास किती मिनिटांचा? आणि धडा कोणता? यातलं काहीच लिहिलेलं नाही. नुसतं 'साधनं सुचवा' म्हटलं की वर आलेत तसे प्रतिसाद येणार.

विज्ञानवाली

अहो, विज्ञान, आयडीतच आहे की! मुलं 58. फोन आणायला सक्त मनाई, माझा स्वतःचा चालतो. त्यामुळे कहूट बाद. नेट आलं तर आलं. प्रोजेक्टर एकच आहे, आधी नाव नोंदवावं लागतं. तास 35 मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात.

चौकस

धडा?

विज्ञानवाली

गती. विस्थापन, वेग, त्वरण (वेग बदलण्याचा दर), गतीची तीन समीकरणं. समीकरणं पाठ होतात, गणितंही सुटतात, पण 'त्वरण म्हणजे काय रे' विचारलं की शांतता.

पालक_एक

विषयाशी संबंधित म्हणून विचारतो. माझा मुलगा दहावीत आहे, दिवसभर फोनवर असतो, त्याला सोडवायचा काही उपाय आहे का?

अबोली

पालक_एक, वेगळा धागा काढा ना, इथे ताईंचा सोमवार राहून जाईल.

विज्ञानवाली ताई, तुमच्या वर्गाला साधनापेक्षा कागदाचे चार तुकडे लागतील. खरंच सांगते. प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानाचे चार भाग करून त्यावर मोठ्या अक्षरांत अ, ब, क, ड लिहायचं. तुम्ही एक प्रश्न फळ्यावर पर्यायांसह लिहायचा. मिनिटभर कुणी बोलायचं नाही. मग 'दाखवा' म्हटलं की सगळ्यांनी एकदम आपला तुकडा छातीशी धरायचा, डोक्यावर नाही, म्हणजे मागच्याला दिसत नाही. 58 जणांनी काय विचार केला ते तुम्हाला एका नजरेत कळतं, आणि मुख्य म्हणजे कुणालाच लपता येत नाही. मग वेगळं उत्तर असलेला शेजारी शोधून दोन मिनिटं त्याला पटवायचं. मग पुन्हा तुकडे वर. बरोबर उत्तर काय ते तुम्ही तोवर चेहऱ्यावरही दाखवायचं नाही, हे सगळ्यात अवघड.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर 1991 पासून साधारण हेच करत आले आहेत. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं 30 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान असतील तर चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर प्रश्न अजून झेपत नाही, त्याहून जास्त असतील तर पुढे जावं.

टेकप्रेमी

मग प्लिकर्स का नाही? तेही कागदीच आहे. प्रत्येक मुलाला छापलेलं एक कार्ड, ते ज्या बाजूने धरेल ते त्याचं उत्तर, आणि तुमच्या एका फोनच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग टिपला जातो. मोठ्या संचात 63 कार्डं असतात, म्हणजे 58 बसतात. कुणाचं काय चुकलं याची नोंदही राहते. तुकडे बघून 58 उत्तरं लक्षात राहणार आहेत का?

अबोली

लक्षात ठेवायचीच नाहीत. वर्ग कुठे फुटलाय एवढंच बघायचं. आणि नेट नसलं की तुमचा फोन आणि कार्डं दोन्ही हातात घेऊन उभं राहावं लागतं, ते मी केलंय.

टेकप्रेमी

हॉटस्पॉट लावायचा. नोंद नसेल तर कोण मागे पडलंय ते कळणार कसं? तुमच्या पद्धतीत शेजाऱ्याचं बघून तुकडा वर करणारा कधीच सापडत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे.

जुना_फळा

तीस वर्षांहून जास्त काळ शिकवलं. कार्डं, फोन, पडदे यांतलं काही नव्हतं आणि मुलं शिकत होती. या ताईंना मी एकच सांगेन: प्रत्येक मुलाच्या दप्तरात 30 सेंटिमीटरची पट्टी आहे. तीच प्रयोगशाळा.

जोड्या करा. एकाने पट्टी वरून धरायची, शून्य खाली. दुसऱ्याने शून्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोट उघडी ठेवायची, पट्टीला स्पर्श नाही. पहिल्याने न सांगता सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. बोटाशी जो आकडा येईल तो लिहायचा. पट्टी विराम स्थितीतून पडते, म्हणून अंतर = अर्धा गुणिले 'जी' (गुरुत्व त्वरण, 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग) गुणिले वेळेचा वर्ग. 20 सेंटिमीटरला पकडली तर साधारण 0.2 सेकंद. 15 ला पकडली तर 0.175. कुणाचा आकडा 10 च्या आत आला तर त्याने अंदाजाने आधीच बोटं मिटली, पुन्हा करायला लावा. समीकरण पहिल्यांदाच मुलाच्या स्वतःच्या शरीराबद्दल काहीतरी सांगतं. त्यासाठी एक पैसा लागत नाही.

गणितवेडा

जुना_फळा सर, फार छान. यात एक भर. पट्टीवर कागदाची चिकटपट्टी लावून थेट सेकंदाच्या खुणा करायला सांगा. 0.05 सेकंदाची खूण 1.2 सेंटिमीटरवर येते, 0.10 ची 4.9 वर, 0.15 ची 11 वर, 0.20 ची 19.6 वर. मुलांना विचारा, वेळ सारखी वाढतेय मग खुणा दूर दूर का जातायत? त्वरण म्हणजे काय याचं उत्तर त्या कागदावर आखलेलं असतं.

विज्ञानवाली

हे भारी आहे. हे मी नक्की करणार. आणखी असंच, प्रत्येकाच्या हातात काहीतरी येईल असं सांगा.

परवाना_मित्र

तुम्ही साहित्य वेबसाइटवर टाकणार असाल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (आपलं साहित्य इतरांनी कसं वापरायचं ते सांगणारा) नीट निवडा. हे परवाने 2002 पासून आहेत. 'बाय' म्हणजे श्रेय देणं आवश्यक, 'एनसी' म्हणजे व्यावसायिक वापर नाही, 'एनडी' म्हणजे बदल करून पुढे वाटायचं नाही, 'एसए' म्हणजे बदल केलात तर त्याच परवान्याखाली वाटा. शिक्षक बहुतेक वेळा एनडी लावतात आणि मग दुसऱ्या शिक्षकाला भाषांतर करून वाटता येत नाही.

विज्ञानवाली

मी वेबसाइटवर काही टाकत नाहीये. वर्गात काय करू ते विचारतेय.

चौकस

प्रोजेक्टर मिळेल त्या दिवसासाठी फेट. कार्ल वाइमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेली सिम्युलेशन्स (संगणकावरचे आभासी प्रयोग) आहेत, मोफत, आणि बरीचशी मराठीतही आहेत. घरी नेट असताना फाइल उतरवा, पेन ड्राइव्हवर घ्या, शाळेच्या संगणकावर ब्राउझरमध्ये उघडा, नेट लागत नाही. 'फोर्सेस अँड मोशन: बेसिक्स' पुढच्या धड्याला उपयोगी पडेल. पण माउस तुमच्या हातात ठेवू नका. 'मी आता बल काढून घेणार, खोक्याचं काय होईल?' हे आधी तुकड्यांवर घ्या, मगच क्लिक करा. आधी क्लिक केलंत तर तो पुन्हा एक व्हिडिओच झाला.

टेकप्रेमी

तुमचा एकच फोन चालतो म्हणालात ना? फायफॉक्स उतरवा. जर्मनीतल्या आखन विद्यापीठात बनलेलं ॲप आहे, मोफत. फोनमधले सेन्सर वापरून प्रयोग करता येतात. त्यात रिमोट ॲक्सेस चालू केला की फोनचा आलेख त्याच वायफायवरच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये दिसतो, बाहेरचं नेट लागत नाही, तुमचा हॉटस्पॉट पुरतो. म्हणजे फोन मुलाच्या हातात आणि आलेख पडद्यावर. त्वरणमापक लावून फोन जाड उशीवर पाडा. आधी विचारा, पडताना आकडा वाढेल की कमी होईल? जवळजवळ सगळे 'वाढेल' म्हणतील. प्रत्यक्षात हातात असताना 9.8 आणि पडताना शून्याजवळ.

गणितवेडा

थांबा. ताई मुलांना शिकवणार की पडणाऱ्या वस्तूचं त्वरण 9.8, आणि पडद्यावर दाखवणार की पडताना 0? हा सेन्सर आधाराने दिलेला धक्का मोजतो. आधार गेला की शून्य. हे आधी समजावून सांगितल्याशिवाय हा प्रयोग नववीत घातक आहे.

टेकप्रेमी

घातक कशाला? गोंधळ झाला की मुलं विचारतात. तेच तर हवंय ना?

जुना_फळा

विचारतात ती पहिल्या बाकावरची. मागची मुलं 'विज्ञानात काहीच नक्की नसतं' एवढंच घेऊन घरी जातात. मी पाहिलंय.

चौकस

गणितवेडा यांच्याशी सहमत. प्रयोग सुंदर आहे, पण पहिल्या आठवड्यात नको. बल आणि वजन शिकवून झाल्यावर घ्या, तेव्हा भारहीनता समजावायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. गतीच्या धड्यात फोनचा दुसरा उपयोग आहे: ध्वनीचा वेग. फायफॉक्समध्ये आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. त्याला दोन फोन लागतात, एखाद्या सहशिक्षकाचा मागा. दोन मुलं पाच मीटर अंतरावर, प्रत्येकाजवळ एक फोन. पहिल्याने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू, दुसऱ्याने वाजवली की दोन्ही बंद. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे आवाजाला जाऊन येऊन दहा मीटर कापायला लागलेला वेळ, साधारण 0.029 सेकंद. दहाला त्याने भागा. बाकी 56 जणांनी मात्र श्वास रोखून गप्प बसायला हवं, नाहीतर घड्याळ भलत्याच आवाजावर थांबतं.

अबोली

आणि ताई, पहिल्या दिवसासाठी तुकड्यांवरचा प्रश्न हा घ्या. चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच बिंदूला त्याचा वेग आणि त्वरण किती? अ, दोन्ही शून्य. ब, वेग शून्य, त्वरण 9.8 खालच्या दिशेने. क, वेग आहे, त्वरण शून्य. ड, दोन्ही आहेत. प्रश्न विचारल्यावर स्वतः थांबा. विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं होतं, शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात.

पालक_एक

धागा काढला आहे. प्रोजेक्टरबद्दल विचारायचं होतं, शाळेत टीव्ही घेतलेला बरा की प्रोजेक्टर? आमच्या पालक सभेत चर्चा चालू आहे.

टेकप्रेमी

उजेड असलेल्या खोलीत टीव्ही. पण 58 मुलांच्या वर्गात मागच्या बाकाला टीव्हीवरची अक्षरं दिसणार नाहीत. अंतर मोजून घ्या.

विज्ञानवाली

कळवायला आले. नववीच्या एका तुकडीत पट्टी आणि चेंडू दोन्ही झालं.

पट्टीला सगळा वर्ग उभा राहिला. बहुतेकांचे आकडे 14 ते 23 च्या मध्ये. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याचा आवाज मी क्वचितच ऐकलाय, डाव्या हाताने वेगळा आकडा येतो का म्हणून आपणहून दुसरा तक्ता आखला. मग पाच-सहा जोड्यांनी तेच सुरू केलं. एकाने विचारलं, पट्टी जड असती तर? मी उत्तर दिलं नाही, दोन पट्ट्या एकत्र बांधून पाहायला सांगितलं.

चेंडूच्या प्रश्नाला पहिल्या फेरीत 'अ'चे तुकडे चिक्कार होते, 'ब' जेमतेम तिसरा हिस्सा. शेजाऱ्याशी बोलल्यावर 'ब' निम्म्याच्या वर गेले. पण पहिल्या बाकावरची हुशार मुलगी ठामपणे 'अ'वर राहिली, आणि तिच्यामुळे तिची अख्खी रांग. तेवढ्यात घंटा झाली. अबोली, तुम्ही म्हणालात ते खरं, उत्तर न सांगता बाहेर पडणं अवघड गेलं.

आता अडचण अशी की दुसऱ्या तुकडीचा तास उद्या आहे आणि प्रश्न मधल्या सुट्टीतच तिकडे पोचलाय. उत्तरही पोचलं असणार. दुसरा प्रश्न लगेच सुचवा.

जुना_फळा

प्रश्न बदलू नका, दुसऱ्या टोकाने विचारा. 'वरच्या बिंदूला वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असतं, तर पुढच्या क्षणी चेंडू काय करेल?' जी 'ब' पाठ करून आली आहेत त्यांनाही इथे विचार करावा लागेल. वेग शून्य आणि तो बदलायला काही कारणच नाही, म्हणजे चेंडू तिथेच टांगलेला राहील. हे एखाद्या मुलाच्या तोंडून येऊ द्या.

अबोली

+1 सरांना. आणि पहिल्या तुकडीत त्या मुलीला हाच प्रश्न विचारा, पण एकटीला नको, तिच्या रांगेला. फळ्यावर तिचं कारण तिच्याच शब्दांत लिहा आणि बाकीच्यांना ते खोडायला सांगा. हुशार मुलीला सगळ्यांदेखत चूक ठरवलं तर ती पुढच्या वेळी तुकडा वर करताना आधी तुमच्याकडे बघेल.

गणितवेडा

वेळ उरला तर वेग-काल आलेख काढायला लावा. वर जाताना आणि खाली येताना एकच सरळ रेषा येते, उतार कुठेही बदलत नाही. वरच्या बिंदूला ती रेषा फक्त अक्षाला छेदते. उतार म्हणजेच त्वरण, आणि त्या ठिकाणी तो शून्य झालेला दिसत नाही.

विज्ञानवाली

टांगलेल्या चेंडूचा प्रश्न घेतेय. आलेख पहिल्या तुकडीत, त्या रांगेकडूनच काढून घेते. ध्वनीच्या वेगासाठी गणिताच्या बाईंचा फोन मिळालाय, शुक्रवारचा तास ठरला. मागच्या बाजूला पंख्याचा आवाज असतो, त्याने घड्याळ आपोआप सुरू होईल का?

चौकस

होऊ शकतं. ॲपमध्ये आवाजाची मर्यादा वाढवता येते, टाळीलाच प्रतिसाद देईल एवढी ठेवा. आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात पंखा लावून एकदा तपासून घ्या.