दोन क्वाटर्नरी नायट्रोजन हवेतच का? स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांविषयी एक शंका

फार्मसीची विद्यार्थिनी, माटुंगा

नमस्कार. मी एम. फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांवर सेमिनार तयार करताना एका ठिकाणी अडले आहे. आमच्या नोट्समध्ये असे दिले आहे की अशा औषधाच्या रेणूत दोन क्वाटर्नरी अमोनियम गट (चार कार्बन जोडलेले, कायम धनभारित नायट्रोजन) हवेत आणि त्यांच्यात साधारण दहा कार्बन अणूंच्या साखळीइतके अंतर हवे. पॅन्क्युरोनियम, सक्सिनिलकोलीन आणि ॲट्राक्युरियम या तिन्हींत असे दोन गट आहेत. व्हेक्युरोनियममध्ये मात्र एकच आहे, आणि तरीही ते शस्त्रक्रियेत सर्रास वापरले जाते. मग हा नियमच चुकीचा आहे, की माझ्या समजण्यात काही राहून जाते आहे? या विषयात आपल्या देशात काही मूळ संशोधन झाले असल्यास तेही कृपया सांगावे.

निवृत्त प्राध्यापक, दादर

आपली शंका रास्त आहे. तिचे उत्तर या नियमाच्या जन्मकथेतच सापडते, म्हणून थोडे मागे जातो.

नायट्रोजनला चौथा कार्बन जोडला की क्युरारेसारखा (दक्षिण अमेरिकेतील बाणांच्या, स्नायू लुळे पाडणाऱ्या विषासारखा) गुण येतो, हे एडिंबरोच्या क्रम ब्राउन आणि फ्रेझर यांनी १८६८ च्या सुमारास दाखवले होते. स्ट्रिक्नीनने झटके येतात. पण त्याच स्ट्रिक्नीनवर मिथाइल आयोडाइडची क्रिया करून मिळणाऱ्या क्षाराने स्नायू लुळे पडतात. पुढे १९३५ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड किंग यांनी संग्रहालयात ठेवलेल्या क्युरारेच्या नमुन्यातून ट्यूबोक्युरारीन हा त्यातला क्रियाशील घटक शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि त्याच्या रेणूत दोन क्वाटर्नरी नायट्रोजन असल्याचा निष्कर्ष काढला. ही रचना सर्वांनी प्रमाण मानली आणि नवे रेणू घडवताना तोच आराखडा समोर ठेवला गेला. १९४८ मध्ये पेटन व झाइमिस आणि बार्लो व इंग यांनी दोन टोकांना क्वाटर्नरी गट असलेल्या सरळ साखळ्या तपासल्या. दहा कार्बनांचे डेकामेथोनियम स्नायू शिथिल करते, तर सहा कार्बनांचे हेक्सामेथोनियम स्नायूंना जवळजवळ न शिवता स्वायत्त मज्जासंस्थेच्या गँग्लियाचे (मज्जापेशींच्या गाठींचे) काम रोखते आणि रक्तदाब उतरवते. दोन्हींची टोके सारखीच, फरक केवळ चार कार्बनांचा! आपल्या नोट्समधला दहाचा आकडा आला आहे तो इथून.

मात्र १९७० मध्ये ट्यूबोक्युरारीनची रचना सुधारली गेली. त्यातला एकच नायट्रोजन क्वाटर्नरी आहे; दुसरा टर्शरी (तीनच कार्बन जोडलेला) असून शरीराच्या ७.४ या पीएचला तो प्रोटॉन घेतो आणि त्यामुळे धनभारित राहतो. म्हणजे रिसेप्टरला (स्नायूवरील, औषध जिथे चिकटते त्या जागेला) धनभार लागतो, तो चार कार्बनांमुळे आलेला असो वा प्रोटॉनमुळे. व्हेक्युरोनियमचेही असेच आहे. पॅन्क्युरोनियमच्या एका नायट्रोजनवरचा एक मिथाइल गट काढला की व्हेक्युरोनियम मिळते, आणि त्या नायट्रोजनवर बराचसा धनभार प्रोटॉनच्या रूपाने राहतो. तेव्हा नोट्समधले वाक्य नियम म्हणून न मांडता संशोधनाला दिशा देणारे गृहीतक म्हणून मांडावे, असे मला वाटते. किंग यांच्या रचनेत चूक होती, तरी तिच्या आधाराने शोधलेली औषधे खरीखुरी उपयोगी ठरली, हे सेमिनारमध्ये आवर्जून सांगा.

भूलतज्ज्ञ, परळ

सरांच्या उत्तराला थिएटरमधली बाजू जोडते. तो एक मिथाइल गट गेल्याने मोठा फरक पडतो. पॅन्क्युरोनियमने नाडी वाढते, व्हेक्युरोनियमने सहसा वाढत नाही. पण व्हेक्युरोनियम द्रावणात टिकत नाही, म्हणून ते कोरड्या पावडरच्या रूपात येते आणि आम्ही ते ऐनवेळी पाणी घालून विरघळवतो.

ॲट्राक्युरियमची रचना तर मला अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात स्टेनलेक यांनी त्यातले क्वाटर्नरी गट असे बसवले की शरीराच्या तापमानाला आणि पीएचला, हॉफमन एलिमिनेशन या रासायनिक विघटनाने, रेणू आपोआप तुटावा. त्यामुळे मूत्रपिंड किंवा यकृत निकामी झालेल्या रुग्णालाही ते देता येते. त्याच गुणामुळे ते फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांना ठेवावे लागते. २५ अंशांना त्याची ताकद महिन्याला सुमारे ५ टक्क्यांनी घटते. मुंबईच्या मे महिन्यात ट्रेवर राहून गेलेल्या अँप्यूलचे काय होत असेल, याचा विचार आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी जरूर करावा.

आणखी एक गोष्ट कृपया टिपणात घ्या. कायम धनभारित असल्यामुळे हे रेणू मेंदूत सहजासहजी शिरत नाहीत. १९४७ मध्ये अमेरिकेत स्कॉट स्मिथ या डॉक्टरांनी पूर्ण शुद्धीत स्वतःला ट्यूबोक्युरारीन टोचून घेतले. त्यांना बोटही हलवता येईना, पण ऐकू येणे, समजणे आणि वेदना सर्व शाबूत होते. म्हणूनच स्नायू शिथिल झालेला रुग्ण झोपलेला आहे असे आम्ही कधीही गृहीत धरत नाही. भुलीचे औषध स्वतंत्रपणे द्यावेच लागते. शस्त्रक्रियेच्या शेवटी हा परिणाम उतरवण्यासाठी दिले जाणारे निओस्टिग्मीन आणि सोबतचे ग्लायकोपायरोलेट हीदेखील क्वाटर्नरी संयुगेच आहेत.

फार्मसीची विद्यार्थिनी, माटुंगा

सर, मॅडम, दोघांचेही मनापासून आभार. प्रोटॉनमुळे मिळणाऱ्या धनभाराचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. भारतातील संशोधनाबद्दलही काही सांगू शकाल का?

निवृत्त प्राध्यापक, दादर

दोन कामे अवश्य पाहा. आपल्या कोकणातही आढळणाऱ्या पहाडवेलीत, म्हणजे पाठा या वनस्पतीत, हायातिन नावाचे अल्कलॉइड असते आणि ते ट्यूबोक्युरारीनच्याच कुळातले आहे. १९५० च्या दशकात भारतीय संशोधकांनी त्याचे मेथायोडाइड (मिथाइल आयोडाइडच्या क्रियेने मिळणारा क्षार) करून पाहिले आणि त्यात क्युरारेसारखा गुण आढळला. पद्धत क्रम ब्राउन-फ्रेझर यांचीच.

दुसरे काम चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील हरकिशन सिंग यांचे आहे. त्यांनी स्टेरॉइडच्या कड्यातच नायट्रोजन बसवून चँडोनियम आयोडाइड हे दोन क्वाटर्नरी गटांचे संयुग तयार केले. १९७० च्या दशकात प्राण्यांवरील चाचण्यांत ते लवकर काम सुरू करणारे आणि अल्पकाळ टिकणारे ठरले, मात्र व्हेगस मज्जातंतूचा परिणाम रोखल्यामुळे हृदयाची गती वाढत असे. त्याची रचना पॅन्क्युरोनियमशेजारी काढून दोन्ही नायट्रोजनांच्या जागा ताडून पाहा. सेमिनारमध्ये फळ्यावर नेमके तेच दाखवता येईल.