लहान खोली आणि दुहेरी कामाचं फर्निचर: तुमचे अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात आम्ही डोंबिवलीत राहायला जातोय. वन आरके, आतलं माप ३२० चौरस फूट, माणसं चार: आम्ही दोघं, सातवीतली लेक आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. सुतारदादा सोमवारी माप घ्यायला येणार आहेत. घडीचे पलंग, सोफा-कम-बेड, दिवाण सगळं दुकानांतून बघून झालंय, पण दुकानात दहा मिनिटं बघणं वेगळं आणि रोज रात्री तेच उघडून झोपणं वेगळं. ज्यांनी पाच-दहा वर्षं वापरलंय त्यांनी कृपया लिहा. काय टिकलं, आणि काय पुन्हा करणार नाही?

नायगाव
लग्न होईपर्यंत मी बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली, आम्ही आठ जण. फर्निचर म्हणावं असा एक लोखंडी पलंग. बाबांनी त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून तो चांगला उंच केला होता. खाली भिंतीकडे ट्रंका आणि तांदळाचा डबा, पुढच्या मोकळ्या जागेत दोघे भाऊ झोपायचे. वर रात्री आजी. सकाळी ती उठली की आई चादर बदलायची आणि गिरणीतून रात्रपाळी करून आलेले काका आडवे व्हायचे. ते झोपलेले असताना आम्ही सगळे हळू बोलायचो. माझा आवाज अजूनही दुपारी आपोआप खाली येतो. आईचं शिवणयंत्र संध्याकाळी बंद झालं की त्याच्या फळीवर माझी वह्यापुस्तकं. दहावीचा सगळा अभ्यास मी तिथे केला, पाय खालच्या पायट्यावर ठेवून. ताई, लेकीला तिची अशी दोन फूट जागा नक्की द्या. घडीची असली तरी चालेल, पण त्या वेळेपुरती फक्त तिची.

पुणे
वीस वर्षं सुतारकाम करतोय, म्हणून दोन-तीन गोष्टी सोमवारच्या आत सांगतो. भिंतीत मिटणारा पलंग करणार असाल तर आधी भिंत कसली आहे ते विचारा. नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुतेक हलक्या सिमेंट ब्लॉकच्या असतात. त्यात साधा फास्टनर मारला तर वजनाने काही दिवसांत ढिला होतो. अशा वेळी पलंगाची पेटी जमिनीवर उभी करून भार खाली उतरवायचा, भिंतीला फक्त आधारापुरतं धरायचं.

दुसरं, हायड्रॉलिक पलंगाचे पंप गादीच्या वजनावर ठरतात. पंप बसवून झाल्यावर काथ्याची जड गादी आणली की झाकण वर थांबत नाही, आणि खाली हात असेल तर दुखापत होते. गादी आधी घ्या, पंप मग. तिसरं, साध्या दिवाणात रोजच्या वस्तू ठेवू नका. झाकण उघडायला दरवेळी गादी उचलायची, हे कुणी करत नाही. रोजचं सामान समोरून ओढायच्या खणात, वर्षातून एकदा लागणारं झाकणाखाली.

रत्नागिरी
वरच्या दादांना जोड देते. आमच्याकडे दिवाण चारी बाजूंनी बंद होता. पहिल्याच पावसाळ्यात आतल्या गोधड्यांना बुरशी आली, त्यात आजीच्या नऊवारीची एक होती. सुताराला परत बोलावून मागच्या बाजूला भोकं पाडून घेतली आणि दिवाण भिंतीपासून दोन इंच पुढे ओढला. त्यानंतर त्रास नाही.

तोक्यो
मी इथे सहा तातामींच्या खोलीत राहते. एक तातामी म्हणजे साधारण ९० बाय १८० सेंटीमीटरची चटई, तेव्हा खोली शंभरेक चौरस फूट. पलंग नाही. रात्री फुतोन अंथरायचं, सकाळी तीन घड्या घालून ओशिइरेत. ओशिइरे म्हणजे सरकत्या दाराचं, भिंतीतलं खोल कपाट. मधे एक भक्कम फळी, वर अंथरूण, खाली बाकी सामान. उन्हं आली की फुतोन गॅलरीच्या कठड्यावर टाकायचं, कारण ते जमिनीवर तसंच पडून राहिलं तर खाली ओल धरते. साताऱ्याला आजी पहाटे सगळ्यांच्या वळकट्या करून फडताळात रचायची, तेच हे. फरक एवढाच की इथे घर बांधतानाच अंथरुणाच्या मापाचं कपाट ठेवलेलं असतं. तुमच्या सुतारांना घडी घातलेल्या गादीचं माप द्या, कपाट तेवढं खोल करून घ्या.

ठाणे
माझं मत थोडं वेगळं आहे. आम्ही हौसेने सोफा-कम-बेड घेतला होता. पाहुणे आले की उघडायचा, बाकी सोफा. मग वडिलांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. आजारी माणसाला खाट दिवसभर लागते. तो सोफा अडीच महिने उघडाच राहिला, आणि इतका बुटका की त्यांना उठवायला आम्ही दोघे भाऊ लागायचो. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा दुखण्याने आवळलेला बघवत नव्हता. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणालात, तर त्यांना न मिटणारा पलंग द्या, गादीसकट १८-१९ इंच उंच, उठताना धरायला एक बाजू भक्कम. घडीचं जे काय असेल ते बाकी तिघांसाठी.

डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. ठाण्याच्या दादांचं ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "खिडकीशी दे गं माझा पलंग." तेव्हा तो पक्का: खिडकीशी, खाली समोरून ओढायचे दोन खण. आमच्या तिघांच्या गाद्या घडी घालून कपाटात. लेकीसाठी भिंतीला मिटणारी फळी, दोन फूट रुंद. बिल्डरकडे भिंतीची चौकशी केली, ब्लॉकच्याच निघाल्या. पुण्याच्या दादा, त्या फळीखाली जमिनीपर्यंत पाय दिला तर पुरेल का?