ओल्ड क्रो (युकॉन, कॅनडा) : वडिलांना गोठलेली नदी सुटताना दाखवायची आहे, सल्ला हवा

मृण्मयी_कॅलगरी

नमस्कार. माझे वडील (वय ६९) पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या नोकरीचा बराच काळ निफाडजवळच्या नांदूरमध्यमेश्वरला, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, पाण्याची पातळी वाचण्यात आणि पावसाळी रात्री विसर्गाचे आकडे वर कळवण्यात गेला. येत्या एप्रिलपासून ते सहा महिने आमच्याकडे राहणार आहेत. बॅन्फ, नायगारा यांत त्यांना रस नाही. "गोठलेली नदी सुटते कशी, एवढे एकदा बघू दे," हे त्यांचे एकच मागणे आहे.

नकाशा पाहताना मला आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, क्रो नदी पोर्क्युपाइन नदीला मिळते तिथले ओल्ड क्रो हे सुमारे अडीचशे वस्तीचे गाव सापडले, आणि संगम म्हटल्यावर बाबांचे डोळेच चमकले. मे महिन्यात त्यांना तिथे नेणे शहाणपणाचे ठरेल का, राहण्याची सोय कशी होते आणि गुडघेदुखी व रक्तदाब असलेल्या माणसाला ते झेपेल का, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तरवारा

मी अकरा वर्षे युकॉनच्या राजधानीत, व्हाइटहॉर्सला, राहतो आणि कामानिमित्त दोनदा ओल्ड क्रोला गेलो आहे, एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरात. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

बारमाही रस्ता नसलेले युकॉनमधले हे एकमेव गाव आहे. व्हाइटहॉर्सपासून हवाई अंतर सुमारे ८०० किलोमीटर असून माणसे, दूध, कांदे, औषधे सारे विमानानेच येते. एखाद्या हिवाळ्यात अवजड सामानासाठी बर्फावरून तात्पुरता रस्ता काढतात, पण तो प्रवाशाच्या उपयोगाचा नाही. धावपट्टी गावाला लागूनच आहे आणि तिथून नदीकाठ पायी गाठता येतो, त्यामुळे गुडघ्यांची फार काळजी करू नका. काळजी करायची ती वेळापत्रकाची. मे महिन्यात धुक्यामुळे आमचे परतीचे विमान दोन दिवस उतरू शकले नाही. परतीच्या तारखेला खेटून पुढचे कोणतेही तिकीट काढू नये, हा धडा मी तेव्हा घेतला.

आता मूळ मुद्दा. पोर्क्युपाइन नदी दक्षिणेला ओगिल्वी पर्वतात उगम पावते, बरेच अंतर उत्तरेकडे जाते आणि मग पश्चिमेला वळून ओल्ड क्रोवरून अलास्कात शिरते. म्हणजे वसंतात वरच्या अंगाला बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी खालच्या, अजून टणक असलेल्या बर्फावर येऊन धडकते. तो उचलला जातो, तडकतो, वळणावर अडकून त्याचा बांध होतो आणि मागे पाणी तुंबते. गोदावरीच्या पुराचे गणित कोळून प्यायलेल्या माणसाला हे पाहण्यात किती आनंद होईल याची मला पूर्ण कल्पना आहे. काठाला लागलेल्या कुजक्या बर्फाच्या उभ्या सळ्या सुटून एकमेकींवर आपटतात तेव्हा काचेच्या बांगड्यांचा ढीग हलवल्यासारखा आवाज येतो. मी तो अर्धा तास ऐकत उभा होतो आणि हातमोजे घालायचेही विसरलो होतो.

परंतु हे नेमके कोणत्या दिवशी घडेल ते कोणीही सांगू शकत नाही. साधारणपणे ते मे महिन्यात घडते आणि दोन-तीन दिवसांत मुख्य जोर ओसरतो. मोजक्या विमानांच्या गावात, मोजक्या खोल्यांच्या भरवशावर, आठ-दहा दिवस वाट पाहत बसणे खर्चिक आहे. शिवाय बर्फ अडकून पाणी चढू लागले की गावाच्या डोक्याला पुराचा घोर असतो, आणि अशा वेळी पाहुणा म्हणून मध्ये लुडबुडणे मला स्वतःला प्रशस्त वाटत नाही.

जायचे ठरलेच, तर प्रथम वुंतुत ग्विचिन या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या शासनाच्या कार्यालयाला लिहावे आणि राहण्याची जागा पक्की झाल्यावरच विमानाचे तिकीट काढावे. १९९५ पासून तिथे त्यांचे स्वशासन आहे आणि येणाऱ्याने आधी कळवावे ही अपेक्षा रास्तच आहे. गावात दारूबंदी आहे, तेव्हा सामानात बाटली चुकूनही नको. सहकारी दुकान चांगले आहे, पण भाव पाहून छाती दडपते, म्हणून डाळ-तांदूळ, पोहे, मेतकूट बरोबर न्यावे.

वल्हेकर

आम्ही चौघे जुलै महिन्यात डेम्पस्टर महामार्गावरच्या ईगल नदीच्या पुलापाशी डोंगी पाण्यात सोडून ईगल, बेल आणि पोर्क्युपाइन अशा तीन नद्यांवरून ओल्ड क्रोला पोहोचलो होतो. हा मार्ग आपल्या वडिलांसाठी नाही, हे उघड आहे. सांगायचे ते एवढेच की जुलै टाळावा, कारण तिथले डास कोकणातल्या डासांना दीक्षा देतील असे आहेत. रात्र नसते, त्यामुळे त्यांना कामाची वेळ संपल्याचे कळत नाही.

सडेतोड

आपण दोन वेगवेगळ्या इच्छा एका तिकिटात बसवत आहात, असे मला वाटते. नदी सुटताना पाहायची असेल तर डॉसन गाठावे. व्हाइटहॉर्सहून ५३० किलोमीटर पक्का रस्ता आहे, क्लोंडाइक आणि युकॉन या नद्यांचा संगम अगदी गावाला लागून आहे आणि वाट पाहत बसण्यासाठी हॉटेले, उपाहारगृहे, सारे आहे. बर्फ केव्हा हलतो याच्या नोंदी तिथे १८९६ पासून ठेवल्या आहेत. बर्फावर एक तिवई उभी करतात, ती दोरीने घड्याळाला जोडतात आणि तिवई वाहून गेली की घड्याळ थांबते. त्या वेळेवर लोक पैसेही लावतात. आकडे टिपण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून चांगले काय दाखवणार?

रस्त्याने जाता येईल असे छोटे नदीकाठचे गाव हवे असेल, तर उन्हाळ्यात डेम्पस्टरने त्सिगेहत्चिकला जावे. आर्क्टिक रेड नदी तिथे मॅकेन्झीला मिळते, गाव ओल्ड क्रोहून लहान आहे आणि गाडी तरीने पार होते. मात्र त्या खडीच्या रस्त्यावर जादा चाके दोन घ्यावीत आणि ईगल प्लेन्सला इंधन भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उत्तरवारा

सडेतोड यांच्या पहिल्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. दुसऱ्याला अर्धेच, कारण ओल्ड क्रोची भरपाई त्सिगेहत्चिकने होत नाही. माझी सूचना अशी की मे महिन्यात डॉसन आणि सप्टेंबरात ओल्ड क्रो करावे.

सप्टेंबरात पोर्क्युपाइन कॅरिबूंचा (उत्तरेकडच्या रानटी रेनडिअरांचा) कळप दक्षिणेकडे परततो. २०१७ च्या मोजणीत त्यांची संख्या सुमारे २,१८,००० भरली होती. ते नदी पोहून पार करतात. कळप नेमका कुठून उतरेल याची खात्री नसते, मला तर एकही जनावर पाण्यात दिसले नाही. पण त्यांचे केस आतून पोकळ असल्याने तरंगतात, आणि सकाळी काठाच्या रेषेवर त्या करड्या केसांची लांबच लांब किनार लागलेली होती. शेजारच्या आजोबांनी ती पाहूनच सांगितले की वरच्या अंगाला जनावरे उतरली आहेत. पुढे चालणाऱ्या पहिल्या जनावरांना जाऊ द्यायचे, म्हणजे मागची वाट चुकत नाहीत, अशी तिथली जुनी रीत आहे. शिकार हे त्या घरांचे वर्षाचे अन्न आहे. फोटो काढण्याआधी विचारावे आणि घरी वाळवलेले मांस पुढे केले तर, खात नसल्यास, नम्रपणे तसे सांगावे. कोणी रागावत नाही.

बाबांसाठी आणखी दोन गोष्टी. गावाच्या उत्तरेला पसरलेला दोन हजारांहून अधिक तळ्यांचा प्रदेश १९८२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आहे, म्हणजे २०२० मध्ये यादीत गेलेल्या त्यांच्या नांदूरमध्यमेश्वरचा तो थोरला भाऊच. 'वुंतुत' हे नावही तळ्यांवरूनच आले आहे. आणि पोर्क्युपाइनवर अलास्काच्या सीमेजवळ कॅनडाचे जलमापन केंद्र असून त्याची पातळी निफाडला बसून आंतरजालावर वाचता येते.

वैद्यबुवा

गावात परिचारिकांचे आरोग्यकेंद्र आहे, पण गंभीर प्रसंगी रुग्णाला विमानाने व्हाइटहॉर्सलाच न्यावे लागते. वडिलांच्या प्रवासी विम्यात हवाई रुग्णवाहिकेचा खर्च आणि आधीपासूनचा रक्तदाब या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत का, ते पाहावे. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान एक आठवडा जास्त न्यावीत.

मृण्मयी_कॅलगरी

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल बाबांना जलमापन केंद्राचा दुवा पाठवला. आज पहाटे त्यांचा फोन आला. नदी गोठलेली असताना बर्फाच्या अडथळ्यामुळे पातळी फुगते, म्हणून नेहमीच्या कोष्टकाने विसर्ग काढला तर तो चुकेल, हे त्यांनी मला पंधरा मिनिटे समजावून सांगितले आणि तिथले लोक ही दुरुस्ती कशी करतात ते विचारून ठेवायला बजावले. एक जुनी वही काढून त्यांनी रोजच्या नोंदीही सुरू केल्या आहेत.

तेव्हा मे महिन्यात डॉसन नक्की झाले आहे. ओल्ड क्रोच्या कार्यालयाला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यासाठी आज पत्र पाठवले असून उत्तर आले की इथे कळवीन. तोवर एक शंका : काठाच्या चिखलासाठी बाबांना गमबूट व्हाइटहॉर्सला मिळतील, की सहा नंबरच्या पायासाठी कॅलगरीतच घेऊन ठेवू?

उत्तरवारा

कॅलगरीतच घ्या, आणि जाड लोकरी मोजा मावेल असे एक माप मोठे घ्या.