बेळगावहून आलेली जुनी पुस्तकं पेटीत घालण्याआधी

नमस्कार मंडळी,

सुट्टीत बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जाऊन आलेल्या सभासदांनी मिळून दोन खोकी पुस्तकं आणली आहेत. बरीचशी रद्दीच्या दुकानातली, काही वाचनालयांनी काढून टाकलेली. आपली ग्रंथपेटी, म्हणजे सभासदांनी आळीपाळीनं वाचायच्या पुस्तकांची पेटी, घरोघर फिरते, त्यामुळे एका पुस्तकातली कीड दहा घरांत जायला वेळ लागणार नाही. शिवाय निम्म्या प्रतींवर प्रकाशनाचं सालच नाही, मग यादीत नोंद काय करायची? गावाकडच्या जाणत्यांनी कृपया सांगावं.

– ग्रंथपेटी व्यवस्था

*

नमस्कार,

आधी सालाचं सांगतो. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी पुस्तक आपलं वय लपवत नाही, फक्त बघायचं कुठं ते कळलं पाहिजे.

किंमत बघा. रुपये-आणे असतील तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असतील तर बहुधा १९५७ ते १९६४ यांमधलं, कारण जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गेला. किमतीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली असली तर पान उजेडासमोर धरा, खालची किंमत दिसते. नोंद खालच्या किमतीवरून करा. वरची चिठ्ठी पडून राहिलेला साठा नंतर विकताना लावलेली असते.

मग प्रकाशकाचा पत्ता. ‘पुणे २’, ‘मुंबई ४’ असा एकआकडी विभाग असेल तर बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं. सहाआकडी पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. ‘शके’ दिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा. आणि ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरें’ असे अनुस्वार सर्रास दिसले तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची जुळणी, म्हणजे छपाईसाठी टाइप जुळवलेला मजकूर, समजा. पण या एकट्या खुणेवर विसंबू नका. काही छापखाने नंतरही जुन्या वळणानंच छापत होते, आणि पुनर्मुद्रणात जुनीच जुळणी वापरली जायची. दोन खुणा जुळल्या तरच ‘अंदाजे १९६०’ असं लिहा, ‘अंदाजे’ शब्द गाळू नका.

आता दुकानात उभ्या उभ्या करायची तपासणी. जुनी पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या जुडग्यांत, छापलेली असतात. पृष्ठ १७ च्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बारीक टाइपात २ हा आकडा शोधा. ३३ वर ३, ४९ वर ४. हे आकडे क्रमानं भेटले की फर्मे पुरे. नुसते पृष्ठक्रमांक चाळणं पुरत नाही, कारण घाईत एकच फर्मा दोनदा शिवलेला असतोय आणि शेजारचा गायब. कादंबरीचा शेवट नसला तर वाचणाऱ्याला कळतं तरी, कथासंग्रहातली मधली एक कथा गेलेली कुणाच्या ध्यानातसुद्धा येत नाही.

शेवटच्या कोऱ्या पानाचा कोपरा एकदा पुढं, एकदा मागं दुमडा. तुटून हातात आला तर ते पुस्तक पेटीत फिरवू नका, चार घरांत त्याचा भुगा होईल. लगद्याच्या स्वस्त कागदातलं आम्ल तो कागद आतूनच खात असतं. असलं पुस्तक एकाच ठिकाणी ठेवा आणि तिथं बसूनच वाचा.

– टिळकवाडी, बेळगाव

*

नमस्कार ताई,

टिळकवाडीच्या काकांनी कागदाचं सांगितलं, मी ओलीचं सांगते. खानापूरच्या पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कपाटातली पुस्तकं चार महिने ओल पितात. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरलीच समजा. म्हणून जुलै-ऑगस्टात घेतलेलं पुस्तक लगेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल आत कोंडते. पंख्याखाली, उन्हात नव्हे, पानं अलगद उघडून उभं ठेवा. बुरशी पूर्ण वाळली की तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशनं शिवणीकडून कडेकडे झाडा. ओल्या बुरशीला ब्रश लावला की ती कागदात चोळली जाते. तपकिरी ठिपके मात्र जात नाहीत. पुसत बसू नका, वाचायला अडचण नसते.

किडीची पारख सोपी आहे की. पांढऱ्या कागदावर पुस्तक हलकेच आपटा. पिठासारखा भुसा पडला तर किडा अजून आत असल्याचा संशय धरायचा. भोकं आहेत, पण चार दिवसांनी पुन्हा आपटूनही काही पडत नाही, तर बहुतेक जुनं दुखणं. संशय असेल तर पुस्तक कोरडं करून, हवा काढून, दोन पिशव्यांत घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. लगेच उघडली की गार कागदावर दव धरतं आणि सगळी मेहनत वाया. कातडी बांधणीला हा उपाय करू नका.

वेखंडाची पुरचुंडी कपाटात जरूर ठेवा, पण ती नवी कीड दूर ठेवण्यापुरती. आत शिरलेली त्यानं मरत नाही. डांबरगोळ्या तर पेटीत नकोतच, लहान मुलं पुस्तकं हाताळतात.

– खानापूर

*

दोघांचेही आभार. आणखी दोन शंका. एका प्रतीवर वाचनालयाचा शिक्का आहे, पण ‘बाद’ लिहिलेलं नाही. आणि दुसरं, शिवण सुटलेल्या प्रती तिकडंच बांधून घ्याव्यात काय?

– ग्रंथपेटी व्यवस्था

*

शिक्क्याचं पुस्तक पेटीत घालू नका. वाचनालयं पहिल्या पानाशिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात. ‘बाद’ किंवा ‘निर्लेखित’ कुठंच नसेल तर दाखल क्रमांक टिपून त्या वाचनालयाला कळवा. पुस्तक त्यांचं असेल तर परत गेलं पाहिजे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, सीमाभागात गावोगावी अशी वाचनालयं लोकवर्गणीवर टिकली. त्यांची एक प्रतसुद्धा आपल्याकडं राहायला नको.

बांधणी इथंच करून घ्या, पण बाइंडरला तीन गोष्टी बजावून सांगा. कडा कापायच्या नाहीत, एकदा कापलेल्या पुस्तकाला पुन्हा कापलं की ओळी जातात. शिवण फर्म्याच्या घडीतून घालायची. वरून टोचून घातली की पुस्तक पुरतं उघडत नाही आणि वाचणारा दाबून दाबून पाठ मोडतो. चिकटवायच्या खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) नको. किडीसाठी घालतात खरं, पण जुना कागद त्यानं लवकर करपतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर कधीच लावू नका, त्याचा डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, एवढं पुरे.

पुण्या-मुंबईहून तुमच्याकडं येणाऱ्या सभासदाकडं पुस्तकं पोचवायची असतील तर टपालखात्याची पुस्तकांसाठीची ज्ञान पोस्ट सेवा आहे. १ मे २०२५ ला सुरू झाली तेव्हाचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुडकं कुठं पोचलं तेही बघता येतं. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं, म्हणजे पहिली पानं गेलेली प्रत त्यातून जात नाही. दिवाळी अंकही नाहीत, नियतकालिकं आणि जाहिराती त्यात चालत नाहीत; ते साध्या पार्सलनं पाठवा.

विमानातल्या २३ किलोच्या बॅगेत, दोनशे पानी, नेहमीच्या कादंबरीएवढं (डेमी आकाराचं) पुस्तक पाव किलोचं धरलं तर, बॅगेचं वजन वगळून सत्तर-पंचाहत्तर बसतात. आडवी रचा, पाठी आलटून पालटून, मधल्या फटींत कागदाचे बोळे. पुढची खेप फेब्रुवारी-मार्चमध्ये भरा, तेव्हा इथली हवा कोरडी असते.

– टिळकवाडी, बेळगाव